साध्या बोर्डवर आठ डिस्क : कोणतं कंट्रोलर कार्ड टिकतं?

मिरजेचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न कार्डाचा आहे, पण आधी घोळ सांगतो. नाहीतर कुणीतरी "नवीन घ्या की राव" म्हणून मोकळं होईल.

घरचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. लग्नं, मुंजी, बारशी, सगळ्यांचे मूळ फोटो जपून ठेवावे लागतात. गिऱ्हाईक दहा वर्षांनी दारात येतं आणि म्हणतं, "आजी गेली हो, तिचा हळदीतला एखादा फोटो निघेल का?" मग कुठलं लग्न पुसायचं आणि कुठलं ठेवायचं, सांगा.

तर एका जुन्या कॅबिनेटात डेबियन, म्हणजे लिनक्स, टाकलंय. ६ डिस्क, प्रत्येकी ४ टीबी, एमडीएडीएमवर (लिनक्सचं डिस्क एकत्र जोडायचं सॉफ्टवेअर) रेड-६, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक अ‍ॅरे, दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. वापरायला १६ टीबी मिळतात. बोर्डवर साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) चारच. एकावर बूटची एसएसडी, तिनांवर डिस्क. उरलेल्या तीन डिस्कसाठी ऑनलाइन ८ पोर्टांचं कार्ड मागवलं, एक लेनच्या (डेटाची एकच वाट असलेल्या) चिमुकल्या स्लॉटमध्ये बसणारं. कार्डावर नाव नाही, गाव नाही. खोक्यावर फक्त भला मोठा आठचा आकडा. दीड वर्ष बिनबोभाट चाललं.

डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमाराला अख्खा अ‍ॅरे तपासतं, हे तुम्हाला माहीत असेलच. या वेळी सकाळी चहा घेता घेता मेल बघितला, तर दोन डिस्क बाद! दोन्ही ३ वाजून १२ मिनिटांनी. एकाच मिनिटाला दोन डिस्क कशा मरतील? दोघींचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते तो तब्येतीचा तक्ता, बघितलं. रिअलोकेटेड (बाद झालेले सेक्टर) शून्य, पेंडिंग (संशयित सेक्टर) शून्य. आजारी माणसाचा रिपोर्ट नॉर्मल यावा तसं झालं.

डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीतल्या, मुख्य ओळी देवनागरीत उतरवतो :

एटीए७.०१ : फेल्ड कमांड, रीड एफपीडीएमए क्यूड
एटीए७ : लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट
एटीए७ : हार्ड रिसेटिंग लिंक
एटीए७.१५ : पोर्ट मल्टिप्लायर डिटॅचिंग

रेड-६ म्हणून डेटा अजून जिवंत आहे, पण आता आणखी एक गेली की संपलं. मशीन बंद करून ठेवलंय. अजून दोन डिस्क वाढवायच्याच होत्या, म्हणजे एकूण आठ. बजेट पाच हजारांच्या आसपास. लिनक्सवर डोकं न खाणारं कार्ड कोणतं? इथला दुकानदार म्हणतो, "खरं रेड कार्ड घ्या, बॅटरीवालं." घ्यावं का?

---

बॅटरीवाला_बाप्या

दुकानदार बरोबर सांगतोय. हार्डवेअर रेड ते हार्डवेअर रेड. आमच्या कंपनीत सगळ्या सर्व्हरना तेच आहे. प्रोसेसरवर लोड नाही, कॅश आहे, लाईट गेली तर बॅटरी आहे. सॉफ्टवेअर रेड म्हणजे गरिबाची सोय.

---

ठाण्याचा_रिटायर्ड

फोटोवाले, मशीन बंद केलंत हे उत्तम. अर्धे लोक या वेळी घाबरून काहीतरी कमांड मारतात आणि मग आम्हाला फोन करतात. मी सत्तावीस वर्षं सर्व्हर दुरुस्तीत काढली, त्यातली निम्मी "मी फक्त एकच कमांड मारली होती" हे ऐकण्यात.

तुमच्या डिस्क मेलेल्या नाहीत. चौथी ओळ परत वाचा. 'एटीए७.१५' मधला पंधरा म्हणजे पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टाचे अनेक करणारी चिप) स्वतः. '.०१' म्हणजे त्याच्या मागची दुसरी डिस्क, कारण मोजणी शून्यापासून आहे. साध्या, थेट पोर्टवर नुसतं '.००' दिसतं. याचा अर्थ तुमचं आठ पोर्टांचं कार्ड आठ पोर्टांचं नाहीच. अशा कार्डांवर बहुतेक वेळा एएसमीडियाची चार पोर्टांची चिप असते, एएसएम१०६४. तिचे तीन पोर्ट थेट बाहेर काढतात आणि चौथ्यावर जेमायक्रॉनची जेएमबी५७५ ही एकाचे पाच करणारी चिप चिकटवतात. तीन अधिक पाच, झाले आठ. वर पांढरी हीटसिंक चिकटवली की कुणाला दिसतंय!

वेगाची अडचण म्हणाल तर ती फारशी नाही. एका साटा लिंकवर साडेपाचशे एमबीच्या आसपास जातं, दोन डिस्कना ते पुष्कळ झालं. खरी अडचण चूक सावरण्याची. मागच्या एका डिस्कने उत्तर द्यायला वेळ लावला की कर्नल लिंक रिसेट करतो. लिंक एकच, म्हणून शेजारची धडधाकट डिस्कही त्याच फटक्यात जाते. चाळीतल्या एका खोलीत शॉर्टसर्किट झालं म्हणून अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडावा, तसं. तुमच्या दोघी एकाच मिनिटाला गेल्या त्या यामुळे.

आता ती पहिली डिस्क अडखळली का, तोही प्रश्न आहेच. साध्या डेस्कटॉपच्या डिस्कला एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी कधी दोन-दोन मिनिटं. कर्नल मात्र ३० सेकंदच थांबतो. स्मार्टसीटीएल या कमांडने 'एससीटीईआरसी', म्हणजे चुकलेला सेक्टर डिस्कने किती वेळ वाचत बसायचं ती मर्यादा, विचारा. डिस्क ते मानत असेल तर ७० कॉमा ७० द्या, म्हणजे सात सेकंदांत ती हात वर करेल आणि रेड बाकीच्या डिस्कवरून ते भरून काढेल. मानत नसेल तर त्या डिस्कचा कर्नलमधला टाइमआउट १८० करून टाका. दोन्ही गोष्टी मशीन चालू होताना दर वेळी परत लावाव्या लागतात, तेव्हा एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवा.

आता कार्ड. माझं मत एकाच वाक्यात सांगता येतं : खोक्यावरचं नाव बघू नका, चिप बघा. लिनक्सच्या एलएसपीसीआय कमांडमध्ये जे नाव दिसतं तेच खरं. तुमच्यासाठी सरळ उत्तर म्हणजे जुनं, सर्व्हरमधून निघालेलं एलएसआय ९२११-८आय किंवा त्याचं भावंड. चिप सास२००८, आठ पोर्ट, आठही थेट. आयबीएमचं एम१०१५, डेलचं एच२०० आणि एच३१० ही त्याच चिपची. एलएसआय २०१४ साली अ‍ॅव्हागोने घेतली, त्यांनी पुढे ब्रॉडकॉम घेऊन २०१६ पासून तेच नाव लावलं, त्यामुळे स्टिकरवर तिन्हीपैकी काहीही सापडेल. घाबरू नका. ड्रायव्हर एमपीटी३सास, कर्नलमध्येच आहे. डेबियनला बाहेरून काही टाकावं लागत नाही. (रेडहॅटने आपल्या आठव्या आवृत्तीपासून ही जुनी चिप वगळली, पण तुमचा त्याच्याशी संबंध नाही.) थोडे पैसे जास्त असतील तर ९२०७-८आय बघा, ती सास२३०८, पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी. ९३००-८आय त्याच्याही पुढची, पण तुमच्या फिरत्या डिस्कना तिचा उपयोग शून्य.

हिशोब बघा. सास२००८ दुसऱ्या पिढीची, एका लेनला ५०० एमबी. तुमच्या बोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट आतून चारच लेनचा असला तरी दोन जीबी होतात. आठ डिस्क दोनशेच्या वेगाने एकदम धावल्या तरी १६०० एमबी. पुरतं.

घेताना फर्मवेअर विचारा. आयटी मोड पाहिजे, आयआर (कार्ड स्वतःच रेड करतं ते) नको. आयटी म्हणजे कार्ड मध्ये लुडबुड करत नाही, डिस्क जशी आहे तशी लिनक्सला देतं. आवृत्ती २०.००.०७.०० पाहिजे. विसाव्या आवृत्तीचे सुरुवातीचे अवतार वाईट होते, शेवटचे दोन आकडे '००.००' असतील तर आधी ते बदला, मग डिस्क जोडा. आणि कुणी फारच स्वस्तात १०६८ई चिपचं कार्ड गळ्यात मारत असेल तर पळा. ते २ टीबीच्या पुढे बघतच नाही. तुमची ४ टीबीची डिस्क त्याला अर्धीच दिसेल.

बाप्या, तुमच्या बॅटरीबद्दल. कंपनीत ते ठीक, कारण कार्ड गेलं की करारावर दुसरं येतं. मिरजेत रविवारी ते कार्ड गेलं तर त्याच जातकुळीचं दुसरं मिळेपर्यंत सोळा टीबी कुलूपबंद. डिस्कवरची मांडणी त्या कार्डालाच कळते. एमडीएडीएमच्या डिस्क उचलून शेजाऱ्याच्या लिनक्स मशीनला लावा, उभ्या राहतात. त्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत फुगतात, ते वेगळंच. मी पोतंभर बदलल्यात.

---

बॅटरीवाला_बाप्या

पोतंभर हे जरा जास्त झालं. बाकी मुद्दा मान्य. घरी मी पण एमडीएडीएमच वापरतो, खरं सांगायचं तर.

---

कोथरूड_मिनीपीसी

ठाण्याच्या काकांच्या एलएसआयप्रेमाला नम्र विरोध. ते कार्ड दहाएक वॅट खातं, डिस्क झोपल्या तरी. दहा वॅट म्हणजे वर्षाला ८७-८८ युनिट. शिवाय ते लावलं की माझा प्रोसेसर खोल झोपेत जाणं बंद झालं. आता मी एएसएम११६६ वापरतो. सहा पोर्ट, सहाही थेट, तिसऱ्या पिढीच्या दोन लेन, एएचसीआय म्हणजे अगदी साधा ड्रायव्हर. फर्मवेअर मात्र नवीन टाकून घ्या. जेएमबी५८५ पण चालतं, पाच पोर्ट, पण त्याने माझं मशीन झोपू दिलं नाही. मारव्हेलचं ९२३० टाळा, आयओएमएमयू (कार्डांना मेमरीची हद्द आखून देणारी सोय) चालू केलं की त्याचा त्रास जुनाच आहे, कर्नलमध्ये खास त्याच्यासाठी पट्ट्या मारून ठेवल्यात.

एक खूण सांगतो. एएसएम११६६ वर सहापेक्षा जास्त साटा पोर्ट दिसले की समजा तिथेही मल्टिप्लायर आहे.

---

ठाण्याचा_रिटायर्ड

कोथरूडकर, विजेचं खरं आहे. सहा डिस्क असत्या तर मीही तेच म्हटलं असतं. आठ पाहिजेत आणि उद्या दहा होतील, फोटोवाल्यांचं कधी कमी होत नाही. आणि त्यांचा छोटा स्लॉट एक लेनचा, त्यात तुमचं दोन लेनचं कार्ड बसायचं नाही. लांब स्लॉट वापरायचाच तर मग आठ पोर्ट का सोडा?

पण त्यावरून आठवलं, फोटोवाले, एक माझीच फजिती ऐका म्हणजे तुमची वाचेल. रिटायर झाल्यावर घरी मी हेच कार्ड लावलं, मोठ्या ऐटीत, आणि मशीन माळ्याखालच्या कपाटात ठेवलं. ही कार्डं सर्व्हरच्या पेटीतल्या वादळी वाऱ्यावर बेतलेली असतात. घरच्या कॅबिनेटात तो वारा नाही. मे महिन्यात रोज दुपारी दोन ते चार डिस्क गळायच्या, संध्याकाळी आपोआप बऱ्या. मी केबल बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला, एक डिस्क तर वॉरंटीत पाठवूनही दिली बिचारी. शेवटी बायको म्हणाली, कपाटाचं दार उघडं ठेवलं की हे आवाज करत नाही. बोट ठेवून बघितलं, हीटसिंकवर दोन सेकंद टिकेना. ४० मिलिमीटरचा पंखा हीटसिंकच्या पात्यांत बारीक स्क्रू पिळून बसवला, त्याला तीन वर्षं झाली. कार्ड घ्याल त्या दिवशीच पंखा घ्या. दीड-दोनशेचा येतो.

---

म्हापसेकार

गोंयातून एक पुरवणी. दमट खारी हवा असेल तिथे जुनं कार्ड आलं की आधी त्याच्या सोनेरी पट्ट्या बघा. माझ्या कार्डावर हिरवट झाक होती. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, सुकं कापड मारलं, कार्ड लगेच दिसलं.

दुसरं, स्मार्टमधला १९९ नंबरचा आकडा, यूडीएमए सीआरसी. तो डिस्कचा आजार नाही. डिस्क आणि कार्डाच्या मधल्या रस्त्याचा आहे, बहुतेक वेळा केबलचाच. तो कधी शून्यावर परत येत नाही, म्हणून नवीन कार्ड लावायच्या आधी प्रत्येक डिस्कचा आकडा वहीत लिहून ठेवा. नंतर वाढला का तेवढंच बघायचं. माझी एक डिस्क ४११ वर आहे, पाच वर्षं तिथेच.

---

मिरजेचा_फोटोवाला

सगळ्यांचे आभार. कार्डाची हीटसिंक काढून बघितली. काका, तुम्ही कार्ड न बघता सांगितलंत तेच. दोन चिपा, एक एएसएम१०६४, दुसरी जेएमबी५७५. एकाच मिनिटाला गेलेल्या दोन्ही डिस्क मल्टिप्लायरवर, तिसरी थेट पोर्टवर होती, तिला काही झालं नाही.

पुण्यात तपकीर गल्लीत एकाकडे ९२११-८आय मिळतंय, सर्व्हरमधून काढलेलं, साडेतीन हजार. दोन प्रश्न. केबल कोणती मागू? आणि बाद झालेल्या डिस्क परत घालताना नव्याने सगळं बांधावं लागेल का?

---

ठाण्याचा_रिटायर्ड

केबल : एसएफएफ-८०८७ ते चार साटा, फॉरवर्ड ब्रेकआउट (एक टोक कार्डात, दुसरीकडे चार डिस्क). 'फॉरवर्ड' हा शब्द दुकानदाराकडून दोनदा वदवून घ्या. रिव्हर्स नावाची जुळी बहीण असते, दिसायला हुबेहूब, जोडली की काहीच दिसत नाही. दोन केबल लागतील.

परत घालणं : आधी जे गेलं तर रडाल ते फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, अ‍ॅरे फक्त वाचण्यापुरता माउंट करून. मग मशीन बंद, नवीन कार्ड, सगळ्या डिस्क त्याच्यावर. कुठली डिस्क कुठल्या पोर्टवर याची चिंता नको, एमडीएडीएम प्रत्येक डिस्कवरची खूण वाचतं. मग 'री-अ‍ॅड', नुसतं 'अ‍ॅड' नव्हे. अ‍ॅरेत बिटमॅप (कुठे काय बदललं याची नोंद) असेल तर मधल्या काळात जे बदललं तेवढंच लिहिलं जातं. नसेल तर पूर्ण बांधणी, रात्रभर.

आणि पॉवर सप्लाय बघा. फिरायला लागताना एक डिस्क १२ व्होल्टवर दोन अ‍ॅम्पिअरच्या घरात खेचते. आठ म्हणजे सोळा, जवळपास दोनशे वॅट काही सेकंदांसाठी. मोलेक्स ते साटाची ती ओतीव प्लॅस्टिकची जोडणी वापरू नका, ती जळते.

---

मिरजेचा_फोटोवाला

तीन आठवड्यांनी परत आलोय.

कार्ड आणलं. फर्मवेअर आयआर निघालं. बोर्डच्या यूईएफआय शेलमधून (लिनक्स चालू होण्याआधी कमांड द्यायची जागा) पेनड्राइव्ह लावून आयटी केलं, २०.००.०७.००. त्या चार मिनिटांत मी जितका घामाघूम झालो तितका कुठल्या लग्नात झालो नाही, आणि मी भर उन्हाळ्यात मिरवणुका काढलेल्या आहेत.

केबल रिव्हर्सच मिळाली. हो, सांगूनसुद्धा. दुकानदाराने 'फॉरवर्ड' दोनदा म्हटलं होतं, काका, पण पाकिटात दुसरीच. अख्खी संध्याकाळ कार्ड दिसतंय आणि डिस्क एकही नाही, असं बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कुरिअरने बरोबर केबल आली, सहाच्या सहा डिस्क हजर.

पहिली डिस्क री-अ‍ॅड केली, बिटमॅपमुळे पाच मिनिटांच्या आत संपलं. दुसरीला नकार आला, तिचा हिशोब बराच मागे राहिला होता म्हणे. तिला साध्या अ‍ॅडने घातलं, साडेनऊ तास लागले. एससीटीईआरसी सहापैकी चार डिस्क मानतात, दोन नाही. त्या दोघींना १८० ची स्क्रिप्ट. पंखा बसवलाय. १९९ चे आकडे वडिलांच्या अपॉइंटमेंटच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेत, कारण ती वही आमच्याकडे कधी हरवत नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार होता. रात्री एकपासून जागा होतो. सकाळी साडेनऊला तपासणी संपली, मिसमॅच शून्य, एकही रिसेट नाही. आता नवीन दोन डिस्क पुढच्या महिन्यात.

---

कोथरूड_मिनीपीसी

अभिनंदन! जुनं कार्ड विकणार का? माझ्या एका मित्राला स्वस्तात आठ पोर्ट हवे आहेत.

---

मिरजेचा_फोटोवाला

मित्राला ही चर्चा वाचायला द्या. कार्ड ठेवलंय. त्याचे तीन थेट पोर्ट चांगले आहेत, गिऱ्हाइकांनी आणलेल्या जुन्या डिस्क वाचायला दुसऱ्या मशीनमध्ये लावलंय. बाकीच्या पाच पोर्टांवर काळी टेप मारली आहे.